पाळकाला धीर कोणी द्यायचा?

पाळकसाहेबांची बदली झाली की निरोपाचा कार्यक्रम होतो. शाल, श्रीफळ, हार, महिला मंडळाकडून भिंतीवरचे घड्याळ, आणि मग भाषणे. चार वर्षे पंचांच्या बैठकीत ज्यांनी त्यांना धारेवर धरलेले असते, तेही उठून सांगतात की असा पाळक पुन्हा मिळायचा नाही. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, पण मला त्यात ढोंग दिसत नाही. माणसे मनापासून बोलत असतात; चार वर्षांत हे कधी आणि कसे बोलावे हे सुचलेले नसते, इतकेच. व्यासपीठाकडूनही काही वेगळे होत नाही. आजारपण, कर्ज, मुलाची गेलेली नोकरी, घरातली धुसफूस असे सगळे घेऊन मंडळी रविवारी बाकांवर बसते आणि समोरून ऐकते की खचू नका, प्रभू तुमच्याबरोबर आहे. ते खरेच आहे. तरी उपासना सुटल्यावर दोन्हीकडची माणसे आली तशीच घरी जातात.

माझे म्हणणे असे की मंडळीत धीर देण्याचे काम आपण शब्दांच्या हवाली केले आणि मोकळे झालो. धीर हा पुष्कळ अंशी व्यवस्थेचा प्रश्न आहे. कोणाच्या अंगावर किती काम आहे, मानधन कोणत्या तारखेला हातात पडते, सुट्टीच्या दिवशी फोन कोण उचलतो, आजाऱ्याच्या घरी कोण जाते, यावर माणूस टिकतो की सुकतो हे ठरते. मी पाळक नाही, बाकावर बसणारा सभासद आहे. त्यामुळे पुढची बरीचशी बोलणी माझ्याच बाजूला बसणार आहेत.

पवित्र शास्त्रातल्या खचलेल्या सेवकांत एलीया पहिला आठवतो. कर्मेल डोंगरावर जिंकून आलेला हा माणूस ईजबेल राणीच्या एका निरोपाने पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. आपल्याकडे या अध्यायावरचा उपदेश धावत धावत होरेबावरच्या त्या शांत, मंद वाणीपाशी पोहोचतो. वाटेत काय घडले ते मात्र सुटून जाते. एलीया झोपतो. देवदूत त्याला उठवतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलेले असते. तो खातो आणि पुन्हा झोपतो. पुन्हा उठवले जाते, पुन्हा जेवण. या सगळ्यात उपदेशाचे एक वाक्य नाही. तुझा विश्वास कमी पडला असे कोणी सुनावत नाही. पुढे होरेबावर देव त्याला दोनदा तोच प्रश्न विचारतो आणि एलीया दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणे तसेच्या तसे म्हणून दाखवतो. त्याला कोणी मध्येच थांबवत नाही. नंतर त्याला काम मिळते, आणि कामाबरोबर अलीशा नावाचा सोबती. तू एकटा नाहीस, आणखी ७,००० जण आहेत, हे सर्वांत शेवटी सांगितले जाते. आपण नेमके या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. पाळक दमलेला दिसला की त्याला देवाच्या विश्वासूपणाची आठवण करून देतो. त्याने शेवटची सलग आठ तास झोप कधी घेतली, हे विचारत नाही.

निर्गमातल्या अठराव्या अध्यायातला इथ्रो मला याहून जास्त व्यवहारी वाटतो. मोशेचा हा सासरा मिद्यानी याजक, म्हणजे इस्राएलाबाहेरचा माणूस. जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करत बसलेला पाहून तो स्पष्ट सांगतो की हे बरे नाही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम, लहान गोष्टी त्यांना निपटू दे. हा सल्ला नेतृत्वाच्या शिबिरांत घासून गुळगुळीत झाला आहे. पण त्यातला अर्धा भाग तिथेही कोणी सांगत नाही. इथ्रो म्हणतो की तू झिजशील आणि हे लोकही झिजतील. एकटा माणूस सगळे करतो तेव्हा तो दमतो हे दिसते. रांगेत ताटकळणारे दमतात ते दिसत नाही. ज्याला वीस वर्षांत मंडळीने अर्पणाची थैली फिरवण्यापलीकडे काही करू दिले नाही, त्या सभासदाची मरगळ ही श्रद्धेची कमतरता म्हणून नोंदवली जाते. तो बिनकामाचा थकवा असतो. म्हणून पाळकाला धीर आणि मंडळीला धीर हे दोन वेगळे विषय मी मानत नाही. एकाच्या हातातले काम दुसऱ्याच्या हातात गेले की दोघांचेही थोडे भागते.

मराठी मंडळ्यांत हे काम एका हातात साचले कसे, याला इतिहास आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आले, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे झाले. पुढे बराच काळ मिशनरी हाच मंडळीचा पाळक होता. या मिशनऱ्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले ते आपला आग्रह घेऊनच. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, खर्च आपण उचलावा, सुवार्ता आपण पसरवावी. त्याच सुमारास अहमदनगरात हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अँडरसन यांचे तत्त्व उत्तम होते. पण खेड्यापाड्यांतली मंडळी प्रामुख्याने महार आणि मांग समाजातून आलेली, भूमिहीन, आणि १८७६ पासून शतकाच्या अखेरीपर्यंत दुष्काळांनी पिळून निघालेली. खर्च आपण उचलावा हे त्यांना सांगणे सोपे होते, उचलणे नव्हते. कारभाराची दोरी मिशनच्या बंगल्यात राहिली.

एक गोष्ट मात्र त्या काळाच्या बाजूने सांगायला हवी. मिशनच्या दिवसांतला पाळक एकटा नसे. गावात शाळामास्तर असे आणि तोच रविवारी उपासनाही चालवी. घरोघर बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बाया असत, पुस्तके घेऊन बाजार फिरणारे विक्रेते असत, दवाखान्यात परिचारिका असत. सगळ्यांना थोडाथोडा पगार मिळे. पुढे परदेशातला पैसा आटला, शाळा-दवाखाने वेगळ्या संस्था झाल्या, १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. या प्रवासात पगारी जागा एकेक करून गेल्या, पण त्यांची कामे गेली नाहीत. ती उरलेल्या एका पगारी माणसाच्या डोक्यावर येऊन बसली. आजचा पाळक उपदेशक आहे, शब्बाथ शाळेचा मुख्याध्यापक आहे, समुपदेशक आहे, स्मशानभूमीचा व्यवस्थापक आहे, आणि जागेचा खटला चालू असेल तर तारखेला हजर राहणारा पक्षकारही आहे. आपण स्वावलंबी झालो असे म्हणतो. प्रत्यक्षात परदेशातल्या पैशावर अवलंबून राहायचे ते बंगल्यातल्या एका कुटुंबावर अवलंबून राहू लागलो.

कुटुंबावर, असे मुद्दाम म्हटले. पाळकाच्या बायकोला नेमणूकपत्र नसते, मानधन नसते. अपेक्षा मात्र सगळ्या असतात. तिने महिला मंडळ चालवावे, पेटी वाजवता आली तर उत्तम, अवेळी आलेल्या पाहुण्याला चहा द्यावा, कोणाविषयी काही ऐकले तर पोटात ठेवावे. पाळकांच्या मुलांनी चर्चमध्ये मागे बसून हसू नये. अशा घरात राहण्याचे मोल काय असते हे मराठीत लक्ष्मीबाई टिळकांइतके नितळपणे कोणी लिहिलेले नाही. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांचे पती नारायण वामन टिळक यांच्या उदारपणाचे प्रसंग आपण कौतुकाने वाचतो. ते अचानक कोणालाही घरी घेऊन येत, हातात आहे ते देऊन टाकत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्या प्रत्येक निर्णयाच्या दुसऱ्या टोकाला चूल होती आणि चुलीपाशी लक्ष्मीबाई होत्या. त्यांचा विनोद इतका थोर की वाचताना आपण हसतो, आणि ते ओझे त्यांनी एकटीने वाहिले हे विसरतो. सगळ्या पाळकांच्या घरांत लक्ष्मीबाई नसतात, आणि असाव्यात अशी अपेक्षा करणे हा अन्याय आहे.

मग करायचे काय? इथे मला सुझॅना स्पर्जनची गोष्ट सांगावीशी वाटते. तिचा नवरा चार्ल्स स्पर्जन हा एकोणिसाव्या शतकातला लंडनचा सर्वांत गाजलेला उपदेशक. १९ ऑक्टोबर १८५६ रोजी सरे गार्डन्सच्या सभागृहात तो बोलत असताना कोणीतरी आग लागल्याची खोटी हाळी दिली. चेंगराचेंगरीत सात माणसे मेली. स्पर्जन तेव्हा २२ वर्षांचा होता. त्या दिवसाची सावली त्याच्यावरून कधीच पूर्ण हटली नाही. पुढे त्याने आपल्या विद्यार्थ्यांना दिलेल्या व्याख्यानांत एक संपूर्ण व्याख्यान सेवकाच्या मनाच्या खचण्यावर आहे, आणि हे आपल्याला होते असे तो तिथे लपवत नाही. पाळकांनी त्याला आजही दुवा द्यावा असे हे काम. पण पुढचे जास्त महत्त्वाचे. १८७५ मध्ये ही व्याख्याने पुस्तकरूपाने आली तेव्हा सुझॅनाने ती वाचून म्हटले की इंग्लंडमधल्या प्रत्येक पाळकाच्या हाती हे पुस्तक पडावे. नवऱ्याने विचारले, मग तू किती देतेस? ती वर गेली, बाजूला टाकून ठेवलेली नाणी मोजली, आणि त्यात बरोबर शंभर प्रतींचे पैसे निघाले. ती दीर्घ आजारी होती, घराबाहेर क्वचितच पडत असे. घरात बसून तिने गरीब पाळकांना पुस्तके पाठवण्याचा जो निधी चालवला त्यातून मरेपर्यंत हजारो पुस्तके गेली. खेड्यातला पाळक, ज्याला कुटुंबाच्या भाकरीतून पुस्तकाचे पैसे वाचवता येत नव्हते, त्याला टपालाने पुस्तके मिळू लागली. त्याचे रविवार बदलले असतील, आणि त्याच्या मंडळीचेही.

आपल्या मंडळ्यांच्या अंदाजपत्रकात रंगरंगोटी, ध्वनिवर्धक, नाताळची रोषणाई यांना रकाने असतात. पाळकाच्या पुस्तकांना नसतो. उपदेश बेचव झाला ही तक्रार आपण करतो आणि जो दर आठवड्याला वाढतो त्याच्या घरात शिधा भरतो का, हे पाहत नाही.

पुस्तकांइतकीच साधी गोष्ट पैशाची. मानधन थोडे असणे एक वेळ सोसते. ते उशिरा येणे, आणि त्यासाठी खजिनदाराला आठवण करावी लागणे, हे सोसत नाही. फिलिप्पै इथल्या मंडळीने पौलाला तुरुंगात वर्गणी पाठवली ती एपफ्रदीताच्या हाती, म्हणजे पैशाबरोबर माणूसही पाठवला. तोच पौल शेवटच्या पत्रात तीमथ्याला लिहितो की हिवाळ्याआधी ये, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण आणि पुस्तकेही आण. इतका मोठा प्रेषित, आणि मागणे काय, तर थंडीचा कपडा. ज्याला मदत करायची त्याला नेमके काय हवे आहे हे विचारण्याचा संकोच आपण करतो, आणि मग चौथी शाल देतो.

आता दुसरी बाजू, पाळकांची. कामे वाटावीत म्हटले की बरेच पाळक सांगतात, लोक पुढे येत नाहीत. हे निम्मे खरे आहे. लोक पुढे येत नाहीत, कारण आल्यावर त्यांना निरोप्याचे काम मिळते. प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय इथे उघडावा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितले. निवडलेल्यांची नावे पाहिली तर स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही ग्रीक. ज्या गटाची तक्रार होती, बहुधा त्याच गटाच्या हाती कोठाराच्या किल्ल्या गेल्या. आपल्याकडे तक्रार करणाऱ्याला आधी गप्प केले जाते, मग वगळले जाते. तो पुढे दुसऱ्या कुठल्या संगतीत गेला की आपण म्हणतो, त्याची श्रद्धाच डळमळीत होती.

जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट चळवळीतली कामे वाटण्याची रीत तर निव्वळ कर्जातून निघाली. ब्रिस्टलच्या सभागृहाचे देणे फेडायचे होते. फेब्रुवारी १७४२ मध्ये ठरले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारांचे गट करावेत, आणि एकाने घरोघर जाऊन ती गोळा करावी. पुष्कळ जण गरीब आहेत, ते कुठून देणार, असे कोणी म्हणताच सूचना मांडणारा कॅप्टन म्हणाला की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना जमले नाही तर मी भरीन. वसुलीला गेलेले लोक घरात शिरले तेव्हा दिसले की कोणी आजारी आहे, कोणी दारूत बुडाला आहे, कुठे नवरा-बायकोचे बोलणे बंद आहे. वेस्लीच्या लक्षात आले की आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच. मंडळीची काळजी घेणारी सगळी रचना त्या पेनीच्या मागे उभी राहिली. हे काम करणारे विणकर, खाणकामगार, दुकानदार होते. त्यांच्यात कोणी धर्मशिक्षण घेतलेले नव्हते.

आणि हे इंग्लंडात जमते, आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणायच्या आत जामखेडकडे बोट दाखवतो. रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तिथे आरोग्याचे काम सुरू केले. गावोगाव प्रशिक्षित परिचारिका पाठवून फारसे साधेना, तेव्हा त्यांनी गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवायला घेतले. त्यांतल्या अनेक निरक्षर, अनेक दलित. काहींना गावात धड पाणी भरू देत नव्हते. त्याच बाळंतपणे सुखरूप करू लागल्या, कुष्ठरोग ओळखू लागल्या, आणि गाव त्यांना विचारू लागले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातली एक गोष्ट मंडळ्यांसाठी सर्वांत मोलाची वाटते. या बायका नियमाने जामखेडला एकत्र येत, आपापल्या गावात काय जमले आणि काय फसले ते एकमेकींना सांगत, आणि पुन्हा गावी जात. काम सोपवले आणि वाऱ्यावर सोडले, असे झाले नाही. डॉक्टरांनी आपले ज्ञान वाटले म्हणून त्यांची किंमत कमी झाली नाही. पाळकांना नेमकी हीच भीती असते, ती बोलून दाखवत नाहीत इतकेच.

कौतुकाविषयीही थोडे बोलायला हवे, कारण शब्द टाकाऊ आहेत असे माझे म्हणणे नाही. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल पंचवीसच्या वर माणसांची नावे घेतो. ज्या शहरात तो तोवर गेलेलाही नाही, तिथली ही माणसे. आणि नुसता सलाम सांगत नाही. हिने कष्ट केले, यांनी माझ्यासाठी मान धोक्यात घातली, हिने मला आईसारखे सांभाळले, असे पुष्कळांचे काम नोंदवत जातो. उपासनेनंतर दारात हात मिळवताना ‘आज फार छान झाले’ म्हणण्यापेक्षा, गेल्या महिन्यात तुम्ही क्षमेबद्दल जे बोललात त्यानंतर मी भावाला फोन केला, हे वाक्य पाळकाला वर्षभर पुरते. तसेच पाळकाने व्यासपीठावरून ‘ज्यांनी ज्यांनी सहकार्य केले’ असे म्हणणे म्हणजे कोणाचेच नाव न घेणे.

हे सगळे मान्य करताना एक आडकाठी येते आणि ती खरी आहे. धीर द्या म्हणताना आपण कोणाच्याही पाठीशी उभे राहा असे सांगतो का? पैशाचा हिशेब न देणारा, टीका केली की शापाची भाषा बोलणारा, घरच्यांशी किंवा मंडळीतल्या बायकांशी वाईट वागणारा पाळक असेल, तर त्याला धीर देणे हे मंडळीचा विश्वासघात करणे आहे. देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये हे वचन अशा वेळी ढाल म्हणून पुढे केले जाते. पौलाने यरुशलेमेसाठी वर्गणी जमवली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, आपल्यावर ठपका येऊ नये म्हणून, आणि तसे त्याने करिंथकरांना लिहूनही कळवले. अर्पण दोघांनी मिळून मोजणे, दोन सह्यांशिवाय पैसा न निघणे, दर महिन्याचा हिशेब फलकावर लागणे, यांना आपल्याकडे अविश्वास समजतात. प्रामाणिक पाळकाला याहून मोठा आधार दुसरा नाही. ज्याच्या हातात रोकड नाही त्याच्याविषयी कुजबुज होत नाही.

लहान मंडळ्यांचे काय, हा प्रश्न राहतो. जिथे वीस घरे आहेत, तरुण पुण्या-मुंबईला गेले आहेत आणि एक पाळक चार गावे सांभाळतो, तिथे कामे वाटायची तरी कोणाला? तिथे वाटणी मंडळीच्या आत होणार नाही, मंडळ्यांमध्ये करावी लागेल. आणि इथे जुन्या मिशनांच्या हद्दी आडव्या येतात. नगरकडे अमेरिकन, कोल्हापूर-मिरजेकडे प्रेसबिटेरियन, नागपूर-जालन्याकडे स्कॉटिश, अकोल्याकडे अलायन्स, बुलढाण्याकडे नाझरीन, अशी मुलुखाची वाटणी त्या काळी सोयीसाठी झाली. ते मिशनरी जाऊन पिढ्या उलटल्या. त्यांच्या मंडळ्यांतली नातवंडे आज पिंपरी-चिंचवडला एकाच इमारतीत राहतात आणि रविवारी पाच दिशांना पाच बसने जातात. त्यांचे पाळकही एकमेकांना फक्त अंत्यविधीला भेटतात. सोमवारी सकाळी, जेव्हा बहुतेक पाळकांचा जीव सर्वांत खाली गेलेला असतो, एका तालुक्यातल्या किंवा उपनगरातल्या सगळ्या परंपरांच्या पाळकांनी दोन तास एकत्र बसावे. अजेंडा नको, बिशपांना अहवाल नको, फोटो नको. काल काय फसले ते सांगावे. आळीपाळीने एकमेकांचे व्यासपीठ सांभाळावे, म्हणजे वर्षात चार रविवार प्रत्येकाला बायको-मुलांच्या शेजारी बाकावर बसता येईल. याला घटनेत दुरुस्ती लागत नाही, सिनडची परवानगीही लागत नाही. एखाद्या मंडळीच्या पंचांनी पुढच्या बैठकीत चहा-नाश्त्याचा खर्च मंजूर करून टाकला तरी सुरुवात होते.